चांगल्या पायाची बाजू

माझी नोकरी हाडं काढण्याची होती. काढण्याची म्हणजे चितारण्याची. चित्रकलेचा डिप्लोमा हातात पडल्यावर दोन वर्षं मी साबणाच्या आणि केसांच्या तेलाच्या जाहिराती रंगवल्या. मग परळच्या एका वैद्यकीय कॉलेजात, शरीररचना विभागात, चित्रकाराची जागा निघाली आणि मी लागलो. शवविच्छेदनाच्या हॉलमागे मला एक लहान खोली मिळाली होती. उत्तरेचा चांगला उजेड, लांब टेबल, आणि दिवसभर फॉर्मॅलिनचा वास. तो वास इतका अंगात भिनायचा की घरी आल्यावर आई आधी आंघोळीला पाठवायची, मग चहा द्यायची.

विद्यार्थ्यांसाठी पुरुषभर उंचीचे तक्ते करायचे, हे माझं काम. पहिलाच तक्ता मांडीच्या हाडाचा होता. विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, त्यांनी ते हाड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "आज काढायचं नाही. आज नुसतं हातात धरून बसा. डोळे मिटून."

मी बसलो. आपल्याला वाटतं मांडीचं हाड सरळसोट असेल. ते पुढच्या बाजूला किंचित वाकलेलं असतं. वरच्या टोकाला चेंडूसारखं गुळगुळीत डोकं, त्याखाली तिरपी मान, आणि मागच्या अंगाला एक खडबडीत कडा, जिला मांडीचे मोठाले स्नायू चिकटलेले असतात. ते डोकं ज्या खोबणीत बसतं ती कमरेच्या हाडात. कमरेचं हाड प्रत्येक बाजूला जन्मतः तीन तुकड्यांचं असतं. ते तुकडे नेमके त्या खोबणीत एकमेकांना मिळतात आणि पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत सांधून एक होतात. तोवर ते हाड कोवळं असतं. ज्या बाजूनं भार येईल तसं ते वळतं. हे वाक्य सरांनी सांगितलं आणि मी तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात लिहिलं. लिहिताना मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आम्ही गिरगावात एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या आणि पुढे गॅलरी. अप्पा कोर्टात कारकून होते. आई, मी आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान बहीण, एवढेच आम्ही.

बहीण सहा वर्षांची असताना गुडघा दुखतो म्हणून रडायला लागली. आईनं दोन महिने गुडघ्याला तेल चोळलं. मग ती लंगडायला लागली तेव्हा अप्पा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला आणि सांगितलं, गुडघ्याला काहीही झालेलं नाही, दुखणं कमरेच्या सांध्यात आहे. क्षय. त्या काळी त्यावर औषध नव्हतं. छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घालून तिला चौदा महिने गॅलरीत उन्हात निजवून ठेवलं होतं. चमच्यानं कॉडलिव्हर ऑइल पाजायचं आणि वाट बघायची. क्षय बरा झाला. पण उजव्या मांडीच्या हाडाचं डोकं त्यानं खाऊन टाकलं होतं. तो पाय दीड इंच आखूड राहिला.

ठाकूरद्वारच्या एका चांभाराकडून अप्पा तिच्यासाठी एका पायाला जाड तळव्याची चप्पल करून आणायचे. ती चालताना प्रत्येक पावलाला उजवीकडे बुडायची. पण जिभेची ती तिखट होती आणि स्वतःच्या पायावर दुसऱ्यांच्या आधी तीच बोलायची. एकदा मी सरांच्या परवानगीनं मांडीचं हाड वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं होतं. आईनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बहीण गॅलरीत येऊन बसली, हाड मांडीवर घेतलं आणि त्या गोल डोक्यावरून बोट फिरवलं.

"दादा, माझं हेच गेलंय ना?"

"हो."

"म्हणजे माझ्या मांडीला डोकंच नाही," ती म्हणाली. "बरं झालं. विचार करायला वरचं एक पुरे."

मॅट्रिक झाल्यावर ती जवळच्या एका बालवर्गात शिकवायला जाऊ लागली. तिला बघायला अकरा ठिकाणची माणसं येऊन गेली. ती बसलेली असेपर्यंत सगळं ठीक असायचं. पोह्यांची बशी घेऊन ती आतून चालत आली की मंडळी एकमेकांकडे बघायची. मग उत्तर पोस्टकार्डानं यायचं, कधी तेही नाही. बाराव्या खेपेला काळाचौकीचं स्थळ आलं. मुलगा बिजवर, चौतीस वर्षांचा, एका गिरणीच्या ऑफिसात कारकून. पहिली बायको विषमज्वरानं गेलेली, मूलबाळ नाही. घरात तो आणि त्याची आई. मूळ आमच्याच मालवणाकडची माणसं. त्यांनी तिला चालताना पाहिलं आणि तिथंच होकार दिला. त्या दिवशी आईनं देवापुढे निरांजन लावलं आणि पदरानं तोंड झाकून बराच वेळ बसून राहिली.

त्याच महिन्यात सरांनी मला संग्रहालयातल्या काचेच्या कपाटातून एक कंबर काढून दिली. बाईचा संपूर्ण श्रोणिभाग. म्हणाले, "वरून दिसते तशी काढा. शेजारी नॉर्मल काढा. पोरांना फरक कळला पाहिजे."

मी ती टेबलावर ठेवली. निरोगी बाईच्या कमरेतली मूल बाहेर यायची वाट जवळजवळ गोल असते. ही एका बाजूनं दाबल्यासारखी होती. डावी बाजू आत ढकललेली, वाट तिरपी आणि चिंचोळी. उजवीकडची खोबणी खडबडीत, कुरतडल्यासारखी. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: तरुण स्त्री, लहानपणी उजव्या सांध्याचा क्षय.

मी सरांच्या खोलीत गेलो आणि विचारलं, "रोग उजवीकडे आहे तर डावी बाजू का दबली?"

"कारण बाई डाव्या पायावर उभी राहिली," सर म्हणाले. "दुखरा पाय टेकवत नाहीत ना. सगळा भार चांगल्या पायावर. वाढीचं वय, कोवळं हाड. चांगला पाय आपल्या बाजूची खोबणी आत ढकलत राहतो. वर्षानुवर्षं."

मी दाराशीच उभा राहिलो. त्यांनी चष्मा काढला.

"कोण आहे तुमची?"

"बहीण."

"लग्न झालंय?"

"ठरलंय. पुढच्या महिन्यात."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "लग्न करू नये असं मी सांगणार नाही. प्रत्येकीची कंबर इतकी वाईट होतेच असंही नाही. पण मूल राहिलं तर ते घरी होऊ द्यायचं नाही. आधी मापं घ्यायची, आधी दाखल करायचं, आणि गरज पडली तर पोटावाटे काढायचं. वेळेवर केलं तर दोघंही वाचतात. हे तिच्या सासरच्यांना माहीत असलं पाहिजे."

त्या संध्याकाळी बहीण गॅलरीत तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ती निवडायची थांबली नाही.

"अप्पांना सांगितलंस?"

"नाही. आधी तुला."

"मग सांगू नकोस. आईला तर नकोच. आणि त्यांना मुळीच नको."

"अगं पण त्यांना मूल हवं म्हणूनच..."

"म्हणूनच म्हणतेय. हे कळलं तर तेरावं स्थळ येणार नाही, दादा. मी इथंच म्हातारी होईन, आणि आई मला बघत बघत मरेल." तिनं एक खडा उचलून गॅलरीच्या बाहेर टाकला. "मूल राहिलं तर तेव्हा सांग. तेव्हा कोणी मला परत पाठवणार नाही."

मी गप्प राहिलो. आज इतक्या वर्षांनीही त्या गप्प राहण्याला काय म्हणावं ते मला ठरवता आलेलं नाही. तेव्हा वाटलं होतं, मी तिची बाजू घेतोय.

लग्न झालं. मेव्हणे सज्जन होते, थोडे भिडस्त. रविवारी दोघं आमच्याकडे यायची आणि चाळीतल्या जिन्यावर ते तिच्या एक पायरी खाली, तिच्याच चालीनं चढायचे. दीड वर्षानं तिला दिवस गेले. चौथ्या महिन्यात मी काळाचौकीला गेलो आणि मेव्हण्यांना खाली गल्लीत नेऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "तिला हे माहीत होतं?"

"हो."

"मला सांगायला हवं होतं तिनं." मग, "आता काय करायचं ते सांगा."

सरांनी चिठ्ठी दिली. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, मापं घेतली आणि स्पष्ट सांगितलं: वाट अरुंद आहे, ऑपरेशन करावं लागेल. तारीख जानेवारीअखेरीची धरली आहे, तर तीन आठवडे आधी आणून सोडा, कळांची वाट बघू नका.

अडचण तिच्या सासूची होती. त्या वाईट नव्हत्या. सुनेला उठता-बसता जपायच्या. पण पोट चिरायचं म्हटल्यावर त्यांनी कानावर हात ठेवले. "माझी पाच बाळंतपणा घराकच झाली," त्या मला म्हणाल्या. "एकाकय डॉक्टर लागलो नाय. तुमी शिकलेली माणसा उगीच भियवतात." मेव्हण्यांनी दोन-तीनदा समजावलं तेव्हा त्या नाइलाजानं तयार झाल्या. फक्त एक अट घातली. पहिलटकरीण, भरल्या दिवसांची, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सवाष्णींच्या पाया पडून मग जाऊ दे. संक्रांत झाली की दुसऱ्याच दिवशी मी स्वतः पोचवते.

बहीण मला म्हणाली, "आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, दादा. त्यांचं एवढं ऐकू दे."

मी मुलीकडचा. मी मान डोलावली.

छप्पन सालच्या त्या जानेवारीत शहराचं काय चाललं होतं ते सांगायला नको. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, याशिवाय कुठेच दुसरा विषय नव्हता. अप्पा कोर्टातून परस्पर सभेला जायचे आणि घसा बसवून घरी यायचे. संक्रांत झाली. हळदीकुंकवाच्या गडबडीत बहिणीला पोचवणं दोन दिवस पुढे गेलं आणि तेवढ्यात रेडिओवर घोषणा झाली की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार. सकाळी मी नेहमीसारखा परळला कामावर आलो. दुपारपर्यंत ट्राम बंद पडल्या, रस्त्यावर दगड आणि लोखंडी कचराकुंड्या आडव्या आल्या, लालबागच्या बाजूनं गोळीबाराचे आवाज येऊ लागले. संचारबंदी लागली. गिरगावला परतणं शक्यच नव्हतं. सरांनी आम्हा सात-आठ जणांना विभागातच राहायला सांगितलं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून आमटी-भात यायचा. हॉलमधल्या रिकाम्या टेबलांवर आम्ही झोपायचो. काही सुचत नव्हतं म्हणून मी अर्धवट राहिलेला तक्ता पुरा करायला घेतला.

ज्या दुपारी ट्राम बंद पडल्या त्याच दुपारी, माझ्यापासून मैलभर अंतरावर, बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. तारखेच्या दहा-बारा दिवस आधी.

मला याचा पत्ता नव्हता. मी घरच्यांच्या काळजीत होतो, अप्पा कुठल्या मोर्चात सापडले नसतील ना, याच्या. तिची मला आठवण झाली, नाही असं नाही. पण ती सासरी घरात आहे, सुरक्षित आहे, असंच मी मनाशी धरलं होतं.

पुढचं मला मेव्हण्यांकडून कळलं. पहिल्या संध्याकाळी ते पांढरा टॉवेल हातात उंच धरून रस्त्यावर आले. कोपऱ्यावर पोलीस होते. "बायको अडली आहे" हे वाक्य पुरं व्हायच्या आत पोटरीवर लाठी बसली आणि त्यांना परत फिरावं लागलं. चाळीतल्या कोणाकडे फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात होता, ते दुकान बंद. सासूबाईंनी सुईण बोलावली. सुईण म्हणाली, पहिली खेप आहे, वेळ लागणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हण्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या खेपेला गल्लीच्या तोंडाशीच गोळी लागून एक माणूस पडलेला त्यांनी पाहिला आणि शेजाऱ्यांनी त्यांना ओढून आत नेलं. बहीण तेव्हा शुद्धीवर होती. ती सुईणीला सांगत होती, "बाई, जोर करायला नका सांगू. ते येणार नाही. तिथं वाटच नाही." सुईणीला वाटलं, पोरगी भ्याली आहे. ती पोट दाबत राहिली.

सासूबाईंनी पहिला दिवस देवाला नारळ बोलण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी त्या सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि उठल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी दोन तास उठली. लोक दूध-भाजीला बाहेर पडले. मी इस्पितळाच्या फाटकाशी उभा होतो, गिरगावकडे कोणी जाणारं भेटलं तर निरोप द्यावा म्हणून. समोरून हातगाडी येताना दिसली. पुढे मेव्हणे ओढत होते, मागून चाळीतले दोघं ढकलत होते, आणि वर गोधडीत कोणीतरी होतं. मेव्हण्यांनी मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

"तुम्ही इथं होता?" ते म्हणाले.

मी फाटकातून बाहेर पडून गाडीकडे गेलो.

"तुम्ही इथंच होता?"

मग मी गाडीला हात लावला आणि आम्ही तिला आत नेलं. तिचे ओठ सुकून फुटले होते. तिनं मला ओळखलं. "दादा, पाणी," एवढंच म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंनी पाणी देऊ दिलं नाही.

मूल आधीच गेलं होतं. मुलगा होता. तो कसा बाहेर काढावा लागला ते मी लिहिणार नाही. डॉक्टरीणबाई नंतर बाहेर येऊन बाकावर माझ्याशेजारी बसल्या. तरुणच होत्या, त्याही तीन दिवस घरी गेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बाळाचं डोकं हाडात रुतून बसलं होतं. दोन दिवस. आई वाचेल असं वाटतंय. पण मधला भाग फार दबला गेलाय. पुढे काय होतं ते बघायला लागेल."

पुढे काय झालं ते नवव्या दिवशी कळलं. सकाळी नर्स चादर बदलायला आली तेव्हा ती चिंब होती. तिनं बदलली. तासाभरात पुन्हा चिंब. बाळाचं डोकं आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये मूत्राशयाची भिंत चेंगरून मेली होती आणि तिथं भोक पडलं होतं. त्यानंतर बहिणीची लघवी एक क्षणही थांबली नाही. उभी असताना, बसलेली असताना, झोपेत.

मार्च उलटल्यावर आम्ही तिला गिरगावला आणलं. मोरीजवळच्या कोपऱ्यात मेणकापड घालून तिची जागा केली. आई जुनी लुगडी फाडून घड्या करायची आणि गॅलरीच्या टोकाला दोरीवर वाळत घालायची. सुरुवातीला शेजारच्या बायका येऊन बसायच्या. मग दाराशी उभ्या राहून बोलायला लागल्या. मग खालूनच विचारायच्या, "कशी आहे?" एक दिवस मजल्यावरच्या एका बिऱ्हाडानं अप्पांना सांगितलं की गॅलरीतली दोरी काढा, पाहुण्यांना वास येतो. अप्पांनी दोरी सोडली आणि घरात, स्वयंपाकाच्या खोलीत बांधली. बालवर्गाच्या बाईंचा निरोप आला की तब्येत सुधारली की अवश्य या. ती म्हणाली, "माझ्या वर्गातली पोरं सुद्धा आता कोरडी राहायला शिकली असतील." कोणी हसलं नाही. तिनं तसलं काही बोलण्याची ती शेवटची वेळ असावी.

दोनदा ऑपरेशन केलं. पहिल्यांदा टाके धरले, आठ दिवस ती कोरडी राहिली, आणि आई देवीची ओटी भरायला गेली. ती परत आली तेव्हा बहीण भिंतीकडे तोंड करून निजली होती आणि चादर ओली होती. दुसऱ्यांदा टाके धरलेच नाहीत.

मेव्हणे दर रविवारी मोसंबी घेऊन यायचे. मग पंधरवड्यानं यायला लागले. दुसऱ्या ऑपरेशननंतरच्या पावसाळ्यात ते कधी नव्हे ते बुधवारी आले, हातात मोसंबी नव्हती. खुर्चीवर बसले आणि बराच वेळ टोपी दोन्ही हातांत फिरवत राहिले.

"आई थकलीय," ते म्हणाले. "ती म्हणते, घरात दिवा लावायला..."

ते रडायला लागले. बहीणच त्यांना म्हणाली, "कागद आणलाय का?"

त्यांनी मान डोलावली. खिशातून वकिलानं केलेला फारकतीचा कागद काढला. अप्पा ताडकन उठले. "चालते व्हा," म्हणाले. "माझ्या घरात..."

"अप्पा, बसा," ती म्हणाली. "त्यांनी गाडी ओढलीय माझी." मग मला हाक मारली, "दादा, पेन दे तुझं."

माझ्याकडे चित्रांखाली नावं घालायचं बारीक निबाचं पेन होतं. तिनं सही केली, कागदावर ओला हात लागू नये म्हणून आधी तो पदराला पुसून. मेव्हणे निघाले तेव्हा ती म्हणाली, "सासूबाईंना सांगा, मी रागावले नाही." ते जिना उतरताना मी वरून पाहिलं. ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत, हळूहळू उतरत होते. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं आणि त्यांना मुलगी झाल्याचं आमच्या कानावर आलं.

चळवळ चालूच होती. अप्पा आता सभांना जात नसत, पण वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि ती कोपऱ्यातून ऐकायची. मी कॉलेजात जायचो, तक्ते करायचो. एका नव्या डॉक्टरांनी मला अडलेल्या बाळंतपणाचा तक्ता करायला सांगितला. मी तोही केला. मोजून-मापून, सावल्या देऊन, कुठं काय चेंगरतं ते लाल रंगात दाखवून. सरांनी तो पाहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो विद्यार्थ्यांना खूप वर्षं उपयोगी पडला असं मला सांगतात.

तिसऱ्या ऑपरेशनसाठी आम्ही तिला पुन्हा परळला नेलं तेव्हा चार वर्षं उलटली होती. दुसरे, मोठे सर्जन होते. त्यांनी तपासलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "कातडं राहिलेलंच नाही तिथं. शिवू तरी काय? आणि मूत्रपिंडात पू झालाय. तिला घरी न्या."

ते एप्रिलअखेरचे दिवस होते. मुंबईसह महाराष्ट्र झाला होता, म्हणजे दोन दिवसांत होणार होता. टॅक्सीनं परत येताना लालबागला रस्ताभर बांबू उभे केले होते, दिव्यांच्या माळा सोडत होते, पोरं पताका चिकटवत होती. मी सीटवर मेणकापड आणि त्यावर वर्तमानपत्रं घातली होती. तरी गिरगावला उतरताना सीट ओली झालीच. ती खाली मान घालून ड्रायव्हरला म्हणाली, "माफ करा हं." तो साठीचा माणूस होता. त्यानं डिकीतून फडकं काढलं, सीट पुसली आणि म्हणाला, "राहू दे, बाय. माझ्या घरात पण आजारी माणूस आहे."

एक मेला आमच्या गल्लीत पेढे वाटले. अप्पा तिच्याजवळ पेढा घेऊन गेले. "मिळाली मुंबई," ते म्हणाले.

"मिळाली ना अप्पा," ती म्हणाली. तिनं पेढ्याचा एक कण जिभेवर ठेवला. तिला ताप होता, तोंडाला चव नव्हती. "तुम्ही जा दिवे बघायला. आईला पण न्या. ती कुठं गेलीच नाही इतक्या वर्षांत."

आई गेली नाही. अप्पा कोपऱ्यापर्यंत गेले आणि परतले. मी तिच्यापाशी बसलो होतो.

"दादा," ती म्हणाली, "तेव्हा तू अप्पांना सांगितलं असतंस तर?"

"तर लग्न झालं नसतं."

"हं." तिनं उरलेला पेढा बाजूला ठेवला. "ते दीड वर्ष चांगलं होतं," ती म्हणाली. ते माझ्या समाधानासाठी म्हणाली की खरंच, हे मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

ती श्रावणात गेली. शेवटचे चार दिवस तिला शुद्ध नव्हती. आई अखेरपर्यंत घड्या बदलत होती, ती गेल्यावरही एकदा बदलल्या. शेजारी सगळे आले. दोरी काढायला सांगणारेही आले, त्यांनीच तिरडीचे बांबू आणले. मी दहा दिवस रजा घेतली. अकराव्या दिवशी कामावर रुजू झालो, तेव्हा टेबलावर मणक्याचं काम येऊन पडलं होतं.